सिंहाने भाजी खावी काय?

पंचतंत्रातला सिंह रोज एक जनावर खात असे. तो खात असे म्हणून जंगल हवालदिल होते आणि जंगल हवालदिल होते म्हणून एका किरकोळ सशाला विहिरीची युक्ती सुचली. हिशेब सरळ आहे. सिंहाला भूक नसेल तर ससा बेकार!

हे आठवायचं कारण ‘गली गली सिम सिम’ ही बाहुल्यांची मालिका. १९६९ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘सेसमी स्ट्रीट’ची ही हिंदी धाकटी बहीण २००६ साली आपल्याकडे आली. नाव अलिबाबाच्या गुहेवरून घेतलेलं. मराठी पोरं ‘तिळा तिळा दार उघड’ म्हणत त्या गुहेत केव्हाच शिरून बसली होती, ते सोडा. या गल्लीत बूंबा नावाचा सिंह राहत असे. थोराड देह, अंगभर केसाळ पोशाख, नाचायची हौस, आणि आहार? शाकाहार!

असल्या पोशाखात शिरणं म्हणजे खायचं काम नव्हे. मूळ मालिकेतला ‘बिग बर्ड’ हा पिवळा पक्षी आठ फूट दोन इंच उंच. आतले कॅरोल स्पिनी उजवा हात सरळ डोक्यावर धरून त्याची चोच हलवीत. बाहेरचं दिसत नसे, म्हणून छातीवर छोटासा टीव्ही बांधलेला. जग पक्षी बघतंय आणि पक्षी टीव्ही बघतोय! तेव्हा तक्रार मेहनतीबद्दल नाही. शाळेच्या गणवेशात वावरणाऱ्या चौकस चमकीबद्दल तर मालिकेची पाठच थोपटायला हवी.

तक्रार आहे ती सिंहाबद्दल. दात काढून घेतलेला सिंह पोराला फार तर भाजी खायला शिकवील. भीतीला फसवायचं कसं, हे कोण शिकवणार? ते काम गोष्टीतल्या भुकेल्या सिंहाचं. कुणी म्हणेल, लहान मुलांना कशाला घाबरवायचं? मग रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण आठवा. आधी दिलीप प्रभावळकरांनी केली, २०१८ साली नाटक नव्याने आलं तेव्हा वैभव मांगले यांनी. पोशाख तोही आणि पोशाख हाही. पण चेटकीण पोरांना खायला उठते, म्हणून पोरं किंचाळतात आणि पुन्हा न्या म्हणून हट्ट धरतात.

आमच्या सोलापुरात या शास्त्राचे पंडित घरोघर आहेत. जाडजूड सोलापुरी चादर डोक्यावरून ओढली की सिंह तयार! पूर्व भागात तो तेलुगूत गुरगुरतो, दुसऱ्या गल्लीत कन्नडमध्ये, तिसरीत दखनीत, आणि मराठीत आला की “खातो बे तुला!” आतल्या सिंहालाही बाहेरचं दिसत नाही, टीव्ही तर नाहीच, तो पलंगावर आपटतो. पायांवरून तो कोण हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी पळायचं, कारण तो खाणार असतो.

मालिकेच्या हुशार मंडळींना एवढंच सांगावंसं वाटतं. बूंबाला भाजी खुशाल खाऊ घालायची होती. पण ती खाताना अधूनमधून सशाकडे टक लावून बघायची परवानगी तेवढी द्यायला हवी होती.