पॉश, बॅड आणि मुंगूस

इंग्रजी शब्दांच्या जन्मकथा आपल्याकडे चवीने सांगितल्या जातात. त्यांतली सर्वांत लाडकी 'पॉश'ची. विलायतेहून मुंबईस येताना जहाजाची डावी बाजू सावलीची, परतताना उजवी. म्हणून धनिकांच्या तिकिटांवर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' यांची आद्याक्षरे छापत आणि त्यांचाच 'पॉश' झाला, असे सांगतात.

कथा झकास आहे. पण असे एकही तिकीट पुढे आलेले नाही. 'ऐटबाज' या अर्थाने हा शब्द १९१४ च्या सुमारास छापील मजकुरात दिसतो. तिकिटाची कथा छापून येते ती १९३० च्या दशकात. त्याआधी, एकोणिसाव्या शतकातील लंडनच्या गुप्तबोलीत 'पॉश' म्हणजे चिल्लर नाणे. त्याचे मूळ रोमानी भाषेतील 'अर्धा' या अर्थाच्या शब्दात शोधले जाते. शिवाय आद्याक्षरे जोडून शब्द घडवण्याची रीत इंग्रजीत रुळली तीच मुळी विसाव्या शतकात. माझा आक्षेप कथेच्या गोडीला नाही, ती पुराव्याच्या जागी बसवण्याला आहे.

दुसरा सापळा ध्वनिसाम्याचा. 'बदनाम'मधला फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा उच्चार जवळचा, अर्थही तोच. तरी नाते काही नाही. उलट 'नाम' आणि 'नेम' यांचे नाते खरे आहे. पण म्हणून इंग्रजीने तो शब्द संस्कृतातून उचलला असे ठरत नाही. दोघे एकाच प्राचीन मूळ भाषेचे वंशज, म्हणजे चुलतभाऊ. चुलतभावाला मुलगा ठरवण्याचा आपला हट्ट अभ्यासातून नव्हे, अभिमानातून येतो.

या हट्टापायी मराठीचा खरा वाटा मात्र दुर्लक्षित राहतो. इंग्रजी 'मॉन्गूस' हा आपल्या मुंगसावरून गेला, असे इंग्रजी कोश नोंदवतात. त्याच्या शेवटाचे स्पेलिंग 'गूस' या हंसवाचक शब्दासारखे झाले. पण गूसचे अनेकवचन 'गीस', मुंगसाचे मात्र 'मॉन्गूसेस'च. यूल आणि बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' (१८८६) या कोशात मात्र हाच शब्द तेलुगूशी जोडलेला आहे. तेलुगू आणि कन्नडमध्ये मुंगसाला जवळचेच शब्द आहेत, आणि आपले 'मुंगूस'ही मुळात द्राविडी मानले जाते. म्हणजे जो शब्द आपण इंग्रजीला दिला म्हणतो, तो आपणही शेजाऱ्याकडूनच घेतलेला. व्युत्पत्तीच्या हिशेबात देणे मांडायचे, तर हे घेणेही त्याच वहीत मांडले पाहिजे.