काचेवरची काच

आमच्या घरात कुठलीही वस्तू उघडी राहात नाही. टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी, सुटकेसला खोळ, आणि खोळ मळू नये म्हणून प्रवासात तिच्यावर जुनी चादर. त्यामुळे कॅमेरा घेताना दुकानदार म्हणाला, "साहेब, एवढी महागाची लेन्स, वर यूव्ही फिल्टर नको?" तेव्हा नाही म्हणायची माझी काय बिशाद!

वास्तविक हा फिल्टर फिल्मच्या जमान्यातला. आपल्याला न दिसणारे अतिनील किरण फिल्मला दिसायचे, आणि महाबळेश्वरला काढलेल्या फोटोत पलीकडचे डोंगर निळसर, धुरकट यायचे. फिल्टर ते किरण अडवायचा. डिजिटल कॅमेऱ्यात हे काम लेन्सची भिंगं आणि सेन्सरपुढची काच परस्पर उरकतात. म्हणजे साहेब रिटायर झाले. पण मुदतवाढ मिळवून रखवालदार म्हणून दाराशी बसले.

आणि रखवालदार फुकट बसत नाही. साध्या, लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक बाजूवरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. बाजू दोन, दस्तुरी ८ टक्के! उत्तम लेपाचे फिल्टर ती खूप कमी करतात. पण त्यांची किंमत ऐकून मी अर्थातच साधा घेतला होता.

त्याचा प्रताप आईच्या सहस्रचंद्रदर्शनाला दिसला. एक्याऐंशी दिव्यांचं ताट खाली, आईचा चेहरा वर. फोटो पाहतो तो दिवे खाली आहेतच, शिवाय आईच्या गालांवर उलटे, हिरवट दिवे! सेन्सरवरून परतलेला प्रकाश फिल्टरच्या सपाट काचेवर आपटून पुन्हा आत शिरतो आणि चित्राच्या मध्याच्या बरोबर पलीकडे उमटतो, हे ज्ञान मला नंतर झालं. सगळे फोटो तसेच. आता पुन्हा काढायला आई नाही.

अन्याय नको. रंगपंचमीचा गुलाल, मालवणच्या किनाऱ्यावरची वाळू आणि खारे तुषार, तिथे फिल्टर जरूर लावावा. पण धक्क्याला हूड बरा, आणि भिंगावरचा एखादा बारीक ओरखडा फोटोत सहसा दिसतही नाही. फिल्टर फुटला तर त्याच्याच काचा भिंगाला ओरबाडतात, हे दुकानदार सांगत नाही.

त्या दिवशी आईने मलमलीत गुंडाळलेली पैठणी कित्येक वर्षांनी बाहेर काढली होती. घडीघडीवर विरली होती. आई हसून म्हणाली, "जपली रे खूप. नेसायची तेवढी राहिली."

फिल्टर मी त्याच रात्री काढला. तो आता डबीत आहे. डबीला बायकोने पिशवी शिवली आहे.