पाहुणा, यजमान आणि दुभाषी : जॉर्जियाच्या प्रवासवर्णनांविषयी

एखाद्या देशाला 'अल्पपरिचित' म्हणताना तो कोणाला अल्पपरिचित, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकारात हे विशेषण फारच रूढ झाले आहे. आणि त्याच्या पाठोपाठ निसर्गाची रम्यता, पुरातन देवळे, साधीभोळी माणसे व त्यांचे आतिथ्य हा ठरीव क्रमही आलाच. कॉकेशस पर्वताच्या दक्षिण अंगाला वसलेला जॉर्जिया हा देश आज या विशेषणाचा धनी झाला आहे. वास्तविक जॉर्जियन वाङ्मयाची परंपरा पाचव्या शतकातील शुशानिक राणीच्या हौतात्म्याच्या कथनापर्यंत मागे जाते. या भाषेची लिपी स्वतंत्र आहे, आणि त्या लिपीची तिन्ही ऐतिहासिक रूपे अद्याप जिवंत आहेत. म्हणजे हा देश मुका कधीच नव्हता. तरीही बाहेरच्या जगाला तो दिसला तो मुख्यत्वे प्रवाशांच्या लेखणीतून. आणि त्या प्रवाशांपैकी बहुतेकांना तेथील भाषा अवगत नव्हती. प्रवासवर्णनाचे मोल ठरविताना शैली, निरीक्षण, विनोदबुद्धी यांची चर्चा होते. लेखकाला ऐकू किती आले, याची होत नाही. जॉर्जियाच्या बाबतीत ती टाळता येण्यासारखी नाही, कारण येथे यजमानानेच, पाहुण्यांना उत्तर वाटावे असे एक प्रवासवर्णन लिहून ठेवले आहे.

पूर्व जॉर्जिया 1801 मध्ये रशियन साम्राज्यात विलीन करण्यात आला. व्लादिकाव्काझहून तेरेक नदीच्या काठाने दर्यालच्या खिंडीत शिरावयाचे, काझबेक शिखराच्या पायथ्यावरून घाट ओलांडावयाचा आणि तिफ्लिसला उतरावयाचे, हा तेव्हाचा लष्करी रस्ता. रशियन वाङ्मयाला पर्वत म्हणजे काय याचा साक्षात्कार झाला तो प्रामुख्याने या भागात. पुश्किनने 1829 मध्ये हा प्रवास केला आणि त्याचे वर्णन 'अर्झरूमचा प्रवास' या नावाने 1836 मध्ये प्रसिद्ध केले. हे पुस्तक भाबडे नाही. तारुण्यात 'कॉकेशसचा बंदी' लिहिणारा कवी येथे आपल्याच जुन्या रंगदर्शी वृत्तीकडे कोरड्या डोळ्यांनी पाहतो; पहाडी जमाती आपला द्वेष का करतात हेही, त्यांची कुरणे कोणी हिरावली ते सांगून, तो स्पष्टपणे नमूद करतो. तिफ्लिसच्या गंधकाच्या स्नानगृहांची त्याने मनमुराद स्तुती केली आहे. पण देशाच्या कवितेपाशी आल्यावर त्याची गती पाहण्यासारखी होते. एक जॉर्जियन गीत त्याला शब्दशः समजावून देण्यात आले; त्याचा गद्य अनुवाद त्याने पुस्तकात घातला, त्यातील पौर्वात्य असंबद्धतेलाही काव्यगुण आहे असा शेरा मारला, आणि तो पुढे निघाला. एका गीतावर एक शेरा! शिखराला आणि नदीला मात्र त्याने कवितेतही जागा दिली.

लेर्मोन्तोव तर अधिकच सूचक आहे. 'आपल्या काळचा नायक' या कादंबरीच्या प्रारंभी निवेदक तिफ्लिसहून टपालगाडीने निघतो. त्याच्याजवळ सामान म्हणून एक लहानशी पेटी आहे, ती जॉर्जियाविषयीच्या टिपणांनी अर्धी भरलेली आहे, आणि त्यांतील बरीचशी टिपणे वाचकाच्या सुदैवाने पुढे हरवली, असे तो हसत सांगतो. हा विनोद निरागस आहे. तरी रशियन वाङ्मयातील जॉर्जियाची अवस्था सांगावयाची झाल्यास त्या अर्ध्या पेटीहून चांगली प्रतिमा मिळणे कठीण.

याच रस्त्यावरून 1861 मध्ये इलिया चावचावाद्झे हा तरुण, पीटर्सबर्गमधील चार वर्षांचे शिक्षण आटोपून घरी परतला. त्या परतीच्या वाटेवर आधारलेली 'प्रवाशाची पत्रे' पूर्ण व्हावयास दहा वर्षे लागली. आकाराने ही कृती एखाद्या दीर्घ लेखाएवढीच आहे. परंतु प्रवासवर्णन या प्रकाराचीच तीत जी उलटतपासणी झाली आहे, ती जाडजूड ग्रंथांतही क्वचित आढळते. आरंभी एक रशियन अधिकारी भेटतो. देश किती सुधारलेला हे तेथील सेनापतींच्या संख्येवरून ठरवावे, असे त्याचे शास्त्र आहे. मग तेरेक येते. जी नदी रशियन कवींना गर्जनेने वेड लावीत आली, ती व्लादिकाव्काझपाशी, सपाटीवर, या प्रवाशाला इतकी निमूट दिसते की तिने छडीचा मार खाल्ला असावा किंवा तिला एखादा मोठा हुद्दा तरी मिळाला असावा, अशी त्याला शंका येते. निसर्गवर्णनाची सगळी रूढी या एका उपरोधाने उलथून पडते: नदी तीच, परंतु ती कोणाच्या अमलाखाली वाहते, हे पाहणाऱ्याच्या ध्यानात आहे. पुढे काझबेक, म्हणजे जॉर्जियनांचे म्किन्वारी, दिसते. पाच हजार मीटरांहून उंच असे हे हिमाच्छादित शिखर भव्य आहे हे प्रवासी मान्य करतो. पण त्याची ती थंड, खालच्या जगाशी सोयरसुतक नसलेली उंची त्याला गटेसारखी वाटते, आणि त्याचे मन बायरनसारख्या बेभान तेरेककडे ओढ घेते. सौंदर्याविषयीचा हा निवाडा वादग्रस्त आहे, गटेवर तर तो थोडा अन्यायच करतो. परंतु डोंगर पाहून स्तिमित होण्याऐवजी डोंगराशी मतभेद नोंदविणारा प्रवासी विरळाच म्हणावा लागेल.

या कृतीचे खरे मर्म मात्र शेवटच्या भागात आहे. तेथे लेल्त घुनिया नावाचा एक पहाडी माणूस प्रवाशाची सोबत करतो. चावचावाद्झेने त्याचे बोलणे प्रमाण जॉर्जियनमध्ये घासून-पुसून न घेता त्याच्या खेवी प्रांताच्या बोलीतच ठेवले आहे. तेरेकचे पाणी प्यालेला, अशी रशियात शिकून आलेल्यांना उद्देशून एक संज्ञा त्या पिढीला पुढे कायमची चिकटली, ती याच कृतीमुळे. घुनियाचे म्हणणे थोडक्यात असे: पूर्वी बरे असो, वाईट असो, आमचे आम्ही होतो, आता शांतता आहे, पण पोट रिकामे आहे. प्रवासी यावर शेवटी आपली वेदना व्यक्त करतो. त्याची ती वेदना फार बोलकी आहे. बोलीतील संवाद हा प्रवासवर्णनात बहुधा तोंडी लावण्यापुरता, गमतीचा असतो. येथे तोच प्रमाण पुरावा झाला आहे. आणि हा पुरावा भाषा जाणणाऱ्या माणसालाच मिळू शकत होता.

जॉर्जियाच्या निसर्गाविषयी आणि आतिथ्याविषयी आज जे लिहिले जाते, त्याच्याशेजारी वाझा-प्शावेला (1861-1915) याची आख्यानकाव्ये ठेवून पाहावीत. हा चार्गली गावचा कवी त्या पहाडांतच जन्मला आणि वाढला. 'सर्पभक्षक' (1901) या काव्यातील मिंदिया दुष्ट शक्तींच्या कैदेत असताना मरणाच्या इच्छेने सापाचे मांस खातो. तो मरत नाही, उलट त्याला झाडाझुडपांची आणि पशुपक्ष्यांची भाषा कळू लागते. झाड तोडताना त्याचा आकांत ऐकू येतो, म्हणून त्याच्याने कुऱ्हाड उचलवत नाही. पुढे संसार होतो; मुलांना मांस हवे, चुलीला लाकूड हवे; तो शिकार करू लागतो आणि ती विद्या त्याला सोडून जाते. निसर्ग कळणे आणि निसर्गावर जगणे यांतील हा विरोध काव्यात कोठेही सुटत नाही. दृश्य पाहून दुसऱ्या दिवशी परतणाऱ्यापुढे हा पेच उभाच राहत नाही. यात त्याचा दोष नाही. मात्र आपण निसर्गाशी तादात्म्य पावलो असे त्याने लिहिले, तर ते शब्द जपून वाचावेत.

'यजमान आणि पाहुणा' (1893) हे काव्य तर आतिथ्याच्या सगळ्या गोड वर्णनांना छेद देणारे आहे. किस्त जमातीचा जोखोला वाटेत भेटलेल्या एका शिकाऱ्याला घरी आणतो. गावाला ओळख पटते की हा झ्वियादाउरी, आपली माणसे मारणारा खेव्सूर. गाव त्याला पकडून नेते, आणि जोखोला आपल्या पाहुण्यासाठी आपल्याच लोकांवर शस्त्र उपसतो. त्या पाहुण्यासाठी जोखोलाच्या पत्नीच्या डोळ्यांत जे अश्रू येतात, तेही गावाच्या दृष्टीने अपराधच ठरतात. पाहुणा देवाकडचा, असे जॉर्जियन लोकोक्ती सांगते, आणि अतिथीला देव मानणाऱ्या भारतीय वाचकाला ती लगेच आपलीशी वाटेल. वाझाने त्या लोकोक्तीची किंमत मांडून दाखविली आहे. आतिथ्य हा येथे स्वभावाचा गोडवा नसून कायदा आहे, आणि तो पाळणारा एकटा पडतो.

स्टाइनबेकने 1947 मध्ये छायाचित्रकार रॉबर्ट कापासह हा देश पाहिला. त्याच्या 'रशियन रोजनिशी'त (1948) जॉर्जियन मेजवान्यांची वर्णने अत्यंत वाचनीय आहेत. आग्रहाने बेजार झालेल्या दोन पाहुण्यांची फजिती त्याने खुसखुशीत रंगविली आहे. तिफ्लिसच्या लेखकांनीही त्याचा सत्कार केला. या शहराच्या लेखकसंघाच्या वास्तूत दहाच वर्षांपूर्वी, 1937 मध्ये, कवी पाओलो याश्विलीने स्वतःवर गोळी झाडून घेतली होती. त्याचा मित्र तित्सियान ताबिद्झे त्याच वर्षी अटकेत मारला गेला. 1947 मध्ये हे पाहुण्याला सांगणे यजमानांना शक्य नव्हते. टेबलावरची मेजवानी खरी होती, आग्रहही खरा होता. परंतु भाषा न जाणणाऱ्या, सरकारी दुभाष्यावर विसंबलेल्या लेखकाला त्या खोलीत कोणाच्या जागा रिकाम्या आहेत हे दिसण्याचा मार्गच नव्हता. पुस्तकाची प्रसन्नता यामुळे खोटी ठरत नाही. ती अपुरी ठरते.

यावर असा आक्षेप संभवतो की भाषा आल्याखेरीज कोणी लिहूच नये काय? तसे म्हणता येत नाही. आणि जॉर्जियाच्या वाङ्मयाचा परदेशातील इतिहासच त्याला साक्ष आहे. वाझाची काव्ये रशियनमध्ये नेणारे मांडेलश्ताम, पास्तरनाक आणि त्स्वेतायेवा यांपैकी कोणालाही जॉर्जियन येत नव्हते. शब्दशः केलेला कच्चा तर्जुमा पुढे ठेवून त्यांनी काम केले. मग पुश्किनच्या त्या गीतात आणि यांच्या अनुवादात भेद कोणता? भेद इतकाच की पुश्किनने गीत वाटेत ऐकले आणि ओलांडले. यांनी ओळीन्ओळ दुसऱ्या माणसाला विचारली. अज्ञान दोघांकडेही होते. एकाने ते शेऱ्याखाली झाकले, दुसऱ्यांनी ते कामाचे साधन केले. प्रवासलेखकालाही हा दुसरा मार्ग मोकळा आहे, फक्त त्याला वेळ लागतो, आणि पुस्तकाच्या पृष्ठांवर दुसऱ्यांचा आवाज अधिक व आपला कमी येतो. बहुतेकांना नेमके हेच नको असते.

सांस्कृतिक वारशाची कथा फार वेगळी नाही. स्वानेती प्रांतातील दगडी मनोरे आज प्रत्येक चित्रपुस्तकात दिसतात. ते कुळाकुळांतील वैरात जीव वाचविण्यासाठीही वापरले जात, हे चित्र सांगत नाही. कुतायसी येथील अकराव्या शतकातील बाग्राती महामंदिर 1692 च्या स्फोटापासून भग्नावस्थेत होते. गेलाती मठासह ते 1994 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. पुढे त्याची इतकी भरघोस पुनर्बांधणी झाली की 2017 मध्ये ते यादीतून वगळावे लागले, आणि गेलाती तेवढे राहिले. अर्थात तेथे प्रार्थना करणाऱ्याला छप्पर हवे होते, हा युक्तिवादही फेटाळण्यासारखा नाही. भग्नतेचे सौंदर्य हे पुष्कळदा पाहुण्याच्याच डोळ्यांत असते.

भारतीय वाचकाला या सगळ्या प्रकरणात दूरचा साक्षीदार राहता येत नाही, याला एक कारण आहे. जॉर्जियाचे महाकाव्य, शोता रुस्तावेलीचे 'व्याघ्रचर्मधारी वीर', तामार राणीच्या काळातले, म्हणजे सुमारे 1200 चे. त्याचा शोकाकुल नायक तारिएल हा भारताचा राजपुत्र, आणि त्याची नेस्तान-दारेजान ही भारतसम्राटाची कन्या. सोळा अक्षरांच्या चरणांत बांधलेल्या त्या काव्यातला भारत कवीने पाहिलेला नाही. वैभव, शौर्य आणि विरह यांना पुरेसे दूरचे असे एक स्थळ त्याला हवे होते. सात राज्यांचा तो भारत कोणत्याही नकाशावर बसत नाही. मार्जरी वॉर्डरॉप हिने जॉर्जियन शिकून, वर्षानुवर्षे खपून केलेला त्याचा इंग्रजी गद्यानुवाद तिच्या मृत्यूनंतर 1912 मध्ये लंडनला छापला गेला. तो उघडणाऱ्या भारतीय वाचकाला आपला देश तेथे लेल्त घुनियाच्या जागी उभा असलेला दिसतो: ज्याच्याविषयी पुष्कळ लिहिले आहे, परंतु ज्याला कोणी काही विचारलेले नाही.