दोन दिवसांत 11 ठिकाणं : एका दिल्ली-पत्रकाचं परीक्षण

या ब्लॉगवर मी एरवी संशोधनाचे पेपर सोपे करून सांगते. यावेळी परीक्षणाला घेतलाय एक पानी मजकूर : 'दोन दिवसांत दिल्ली'. सुट्ट्या जवळ आल्या की सक्करदरा चौकात अशी पत्रकं हातात पडतात, आणि आता व्हॉट्सॲपवरही फिरतात. पत्रक कोणाचं आहे ते महत्त्वाचं नाही. वरचं नाव बदललं तरी खालचा मजकूर बहुतेक तोच असतो.

हे पत्रक माझ्याकडे आलं ते शेजारच्या काकांमुळे. "तू गणितवाली आहेस ना, जरा बघून दे," म्हणाले. माझा विषय वेळापत्रकं आणि मार्ग यांचं गणित, त्यामुळे विचारणं बरोबरच होतं. काका, काकू, कॉलेजातला मुलगा आणि काकांची आई असे चौघं जाणार. आजी चौऱ्याहत्तर वर्षांच्या, गुडघे दुखरे, आणि दिल्ली एकदाही पाहिलेली नाही. पैसे भरायला चार दिवस होते.

पत्रक काय म्हणतं

शनिवारी दुपारी नागपूरहून गाडी, रविवारी सकाळी दिल्ली. रविवारी लाल किल्ला, जामा मशीद, राजघाट, इंडिया गेट, राष्ट्रपती भवन (बाहेरून) आणि कुतुबमिनार. सोमवारी हुमायूनची कबर, लोटस टेंपल, अक्षरधाम, बिर्ला मंदिर आणि करोल बागेत खरेदी. रात्री परतीची गाडी. एकूण 11 नावं, आणि 11 हा आकडा पत्रकावर सगळ्यांत मोठ्या अक्षरात.

पहिली चूक शोधायला गणित लागतच नाही, कॅलेंडर पुरतं. लोटस टेंपल सोमवारी बंद असतं. अक्षरधाम सोमवारी बंद असतं. करोल बागेतली बरीच दुकानंही सोमवारी बंद. म्हणजे दुसऱ्या दिवसाच्या पाचपैकी तीन गोष्टी कागदावर आहेत, जमिनीवर नाहीत. सक्करदऱ्याचा बुधवार बाजार गुरुवारी शोधायला आपल्यातलं कोणी जाईल का? पण गाव बदललं की हे साधं भान सुटतं, आणि छापलेल्या कागदावर आपण विश्वास ठेवतो.

आमच्या विषयात याला 'वेळेची खिडकी' म्हणतात. प्रत्येक ठिकाणाला एक खिडकी असते, तुम्ही त्या वेळातच पोचायला हवं. लाल किल्ल्यालाही सोमवारची सुट्टी, जामा मशिदीत नमाजाच्या वेळी पर्यटकांना प्रवेश नाही, आणि कोणी आग्र्याचा बेत जोडणार असेल तर ताजमहाल शुक्रवारी बंद. सहल आखताना पहिलं काम या खिडक्या मांडणं. ठिकाणांची यादी त्यानंतर.

रविवारचा हिशेब

आता रविवार घेऊ. सकाळी 9 ते संध्याकाळी 7 म्हणजे 600 मिनिटं. जेवणाला 60 आणि चहा-बाथरूमला 30 धरली की उरतात 510. सहा ठिकाणं म्हणजे बसचे सात टप्पे : लॉजवरून पहिल्या ठिकाणी, मधले पाच आणि परत. लाल किल्ला एका टोकाला आणि कुतुबमिनार शहराच्या दुसऱ्या टोकाला, तरी चढणं-उतरणं धरून प्रत्येक टप्प्याला सरासरी फक्त 30 मिनिटं मानू. हा माझा अंदाज आहे, आणि तो पत्रकाच्या बाजूने झुकणारा आहे. सात टप्प्यांची 210 मिनिटं गेली, उरली 300. भागिले सहा : प्रत्येक ठिकाणी 50 मिनिटं. त्यातून तिकीट आणि सुरक्षा तपासणीची 15 वजा करा. 35 मिनिटं!

लाल किल्ल्यात लाहोरी दरवाज्यातून आत जा, छत्ता चौकातली दुकानं ओलांडा, नौबतखान्याखालून दिवाण-ए-आमला पोचा, मग त्यामागे दिवाण-ए-खास. हे अंतर आजींच्या चालीने एका बाजूचंच 35 मिनिटांत उरकणं कठीण. मग काय होतं ते तुम्ही पाहिलं असेल : "आजी, तुम्ही बसमध्येच बसा, आम्ही पटकन येतो." सहाच्या सहा ठिकाणी.

यावर संशोधन काय म्हणतं

गंमत म्हणजे पत्रकवाले नकळत जे करतात, त्यावर गणितात खरोखर एक शाखा आहे. 'ओरिएंटिअरिंग' नावाचा खेळ आहे : हातात नकाशा आणि होकायंत्र, जंगलात खुणा लावलेल्या. त्याच्या एका प्रकारात प्रत्येक खुणेला ठरावीक गुण आणि सगळ्यांना ठरावीक वेळ असतो. वेळेत परत या आणि जास्तीत जास्त गुण आणा. 1987 मध्ये गोल्डन, लेव्ही आणि व्होरा यांनी या प्रश्नावर पेपर लिहिला आणि दाखवलं की तो गणनेच्या दृष्टीने कठीण प्रश्नांच्या गटात बसतो. 11 ठिकाणांचे नुसते क्रमच 3,99,16,800 होतात. एवढं कॉम्प्युटर मोजून टाकेल, पण ठिकाणं वाढली की मोजत बसणं अशक्य होतं. म्हणून पुरेसं चांगलं उत्तर पटकन देणाऱ्या रीती शोधतात. 2007 मध्ये वान्स्टीनवेगन आणि वान ऑडह्यूस्डेन यांनी हाच प्रश्न पर्यटकाच्या सहलीला लावला. पुढे त्यात वेळेच्या खिडक्या आल्या, एकाहून जास्त दिवस आले.

हे काम उपयोगाचं आहेच. या पद्धतीने सोमवारी अक्षरधाम कधीच निघणार नाही. पण मूळ मॉडेलमध्ये तीन गृहीतकं आहेत, आणि पत्रकाचा खरा दोष त्यांच्यातच सापडतो.

पहिलं गृहीतक : गुणांची बेरीज होते. लाल किल्ल्याला 10 आणि हुमायूनच्या कबरीला 9, तर दोन्ही मिळून 19. पण एकाच दिवशी चौथी लाल दगडाची इमारत पाहताना पहिलीइतकी नजर उरते का? 1916 मध्येच बोस्टनच्या कला संग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी 'संग्रहालयाचा शीण' यावर लेख लिहिला होता. वाकून, मान वळवून वस्तू बघताना माणूस कसा थकतो याचे त्यांनी फोटोच काढले. दमलेला माणूस बघत नाही, नुसता पुढे सरकतो.

आठवणही बेरजेने चालत नाही. 1993 मध्ये कानमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना थंडगार पाण्यात हात बुडवायला लावले. एकदा 60 सेकंद. दुसऱ्यांदा तितकेच 60 सेकंद आणि वर आणखी 30, त्यात पाणी किंचित कोमट होत गेलेलं. पुन्हा कोणतं करायचं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेलं निवडलं, कारण त्याचा शेवट बरा होता. एका छोट्या प्रयोगावरून सगळ्या सहलींचे नियम काढू नयेत. पण शेवटचा तास गर्दीत धावण्यात गेला तर घरी काय आठवेल, एवढा प्रश्न त्यावरून नक्की विचारता येतो.

दुसरं गृहीतक : गुण ठिकाणाला असतात, बघणाऱ्याला नाही. कुतुबच्या आवारातला लोहस्तंभ घ्या. सुमारे 7 मीटर उंच, 6 टनांहून जड, वय सुमारे 1600 वर्षं. उघड्यावर उभा, तरी गंजून संपला नाही. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवलं की त्या लोखंडात फॉस्फरस बराच आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर तयार झालाय. हे माहीत असलेला मुलगा तिथे अर्धा तास उभा राहील, माहीत नसलेला सेल्फी काढून निघेल. किंवा पत्रकात नसलेलं जंतरमंतर घ्या. सवाई जयसिंगांनी बांधलेल्या त्या सम्राट यंत्राची तिरपी भिंत जमिनीशी दिल्लीच्या अक्षांशाइतका कोन करते, म्हणजे साधारण 28.6 अंश. तेच यंत्र सक्करदऱ्यात बांधलं तर उतार 21 अंशांच्या आसपास निघेल. आपण किती उत्तरेला आलो हे डोळ्यांनी दाखवणारी भिंत, आणि यादीत तिचं नाव नाही.

तिसरं गृहीतक मला सगळ्यांत खटकतं : फिरणारा एकच माणूस आहे. मॉडेलमध्ये एक बिंदू नकाशावर सरकतो. बस लाल किल्ल्याला पोचली की सगळ्यांच्या नावावर लाल किल्ला जमा. खिडकीतून बघणाऱ्या आजींच्या नावावरही! गटाच्या सहलींवर पुढे संशोधन झालंय, पण पत्रकं अजून बिंदूपाशीच आहेत. आजींनी तिकिटाचे पैसे सगळ्यांइतकेच भरलेले असतात. वाढवलेल्या प्रत्येक नावाची किंमत मात्र सगळ्यांत हळू चालणारा माणूस मोजतो.

पत्रकाची बाजू

पत्रकवाल्यांना नुसतं लबाड म्हणून चालणार नाही. आपणच दोन पत्रकं शेजारी ठेवून नावं मोजतो. "त्यांच्यात 11, यांच्यात 8, मग यांना तेवढेच पैसे काऊन द्यायचे?" आणि त्यामागे लोभापेक्षा धास्ती जास्त असते : परत कधी येणं होते! हजारेक किलोमीटरचा प्रवास, रजा, आरक्षण, सगळं जुळून येणं सोपं नाही. मला ती धास्ती खरी वाटते. पण एकदाच जायचं असेल तर बसच्या खिडकीतून 11 बघण्यापेक्षा पायांनी पाच बघणं जास्त गरजेचं होतं.

मी काय बदललं

मी प्रश्नच बदलला. 'एकूण गुण जास्तीत जास्त' याऐवजी 'सगळ्यांत कमी गुण ज्याला मिळतील, त्याचे गुण जास्तीत जास्त'. म्हणजे आजींना जे खरंच बघता येईल, त्यावरून आखणी.

रविवारी सकाळी फक्त लाल किल्ला, निवांत. जेवण आणि दुपारी खोलीवर आराम. मुलाला त्या वेळात जंतरमंतर करता येईल, मेट्रोच्या व्हायोलेट लाइनवर लाल किला आणि जनपथ ही स्टेशनं आहेत. संध्याकाळी सगळे इंडिया गेट. सोमवारी सकाळी ऊन चढायच्या आत कुतुब, तो सोमवारी उघडा असतो. दुपारनंतर हुमायूनची कबर, तीही उघडी. परतीचं आरक्षण हजरत निजामुद्दीन स्टेशनवरून घेतलं तर कबरीपासून स्टेशन जवळ, शेवटची धावपळ वाचते. बागेत सावली आहे, चौथऱ्यावर चढायचं नसेल तर खालूनही इमारत पूर्ण दिसते.

मुलाची पाच, आजींची चार. काकूंची करोल बाग सुटली, आणि त्यावर त्या नाराज आहेत. ती नाराजी रास्त आहे, कोणतंही मॉडेल ती शून्य करत नाही. पण आता काय सुटतंय हे त्यांना नागपुरातच कळलं, सोमवारी बंद शटरसमोर नाही.

तुमच्या हातात असं पत्रक आलं तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. कोणत्या वारी कुठे नेणार? प्रत्येक ठिकाणी पायांवर किती मिनिटं मिळणार? आणि आमच्यातला सगळ्यांत हळू चालणारा माणूस यातली किती ठिकाणं आतून बघणार? तिसऱ्या प्रश्नाला जो आकडा मिळेल, तेवढीच तुमची सहल समजा.