स्वरचक्र कळफलक : मांडणी आणि मोजमाप यांचे परीक्षण

मानव-संगणक आंतरक्रियेच्या अभ्यासात कळफलक तपासताना पहिला प्रश्न बहुधा वेगाचा असतो : मिनिटाला किती शब्द? देवनागरीसाठी हा प्रश्न पुरेसा नाही. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या अभिकल्प केंद्रात अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेला ‘स्वरचक्र’ हा फोनवरचा कळफलक (२०१३) घेऊन हे पाहू.

जुन्या टंकलेखन यंत्रावर ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी, मग ‘क’. म्हणजे दिसते त्या क्रमाने. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली प्रमाणित केलेल्या इन्स्क्रिप्टने हा क्रम उच्चाराप्रमाणे केला : आधी ‘क’, मग वेलांटी. सर्व प्रमुख भारतीय लिप्यांना एकच मांडणी मिळाली, हा त्याचा मोठा गुण. पण पहिली वेलांटी इंग्रजी ‘एफ’च्या कळीवर आहे, हे पाठच करावे लागते.

स्वरचक्रात व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने आहेत. ‘क’ला बोट लावले की भोवती का, कि, की, कु अशी रूपे चक्राकार दिसतात, हव्या त्या रूपाकडे बोट सरकवायचे. शाळेतली बाराखडीच इथे कामाला येते. आठवण्याऐवजी ओळखणे, हे अभिकल्पाचे तत्त्व इतक्या सहजपणे क्वचितच वापरलेले दिसते. मांडणीला पूर्ण गुण द्यायला हवेत.

आक्षेप मोजमापावर आहे. वेगाच्या चाचण्यांत सहसा दिलेला मजकूर उतरवून घेतात आणि चुकलेली अक्षरे मोजतात. आता ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ ही वाक्ये पाहा. पहिल्यात गुरुजी येतील, दुसऱ्यात स्वयंपाकी. ‘ऱ’ सापडला नाही म्हणून कोणी पहिले वाक्य लिहिले, तर चाचणीत एका अक्षराची चूक धरली जाते. प्रत्यक्षात निरोपच बदलतो. इथे गढ्यात, हिंदी माध्यमात शिकलेल्या मराठी घरांतील मुलांसाठी तर ‘ळ’ आणि ‘ऱ’ कुठे आहेत, हाच पहिला अडथळा ठरू शकतो.

दुसरी अडचण सवयीची. फोनवर रोमन अक्षरांत मराठी लिहिणाऱ्याला वर्णमाला येत असली, तरी बोटांना इंग्रजी कळाच ठाऊक असतात. ‘एम-ए-एल’ लिहून माल, माळ, मल, मळ यांतून निवडण्यात जाणारा वेळ त्याला जाणवत नाही. उत्तम मांडणी असूनही तो ती उघडणार का, हे वेगाच्या आकड्यावरून कळत नाही.

म्हणून देवनागरी कळफलकाची चाचणी तीन प्रश्नांनी व्हावी : न शिकवता सुरुवात करता येते का? त्या भाषेची सर्व अक्षरे हाताशी आहेत का? आणि मग, वेग किती?

स्वाध्याय : वरील दोन्ही वाक्ये स्वतःच्या फोनवर लिहा. प्रत्येकाला किती स्पर्श लागले आणि ‘ऱ’ शोधायला किती सेकंद गेले, याची नोंद करा.