मेजर म्हणजे आनंद? शूबर्टच्या एका गाण्याच्या निमित्ताने

मागच्या व्याख्यानात आपण पाश्चात्त्य संगीतातल्या मेजर आणि मायनरची ओळख करून घेतली. ते संपल्यावर एका श्रोत्यांनी विचारलं, ‘म्हणजे मेजर आनंदी आणि मायनर दुःखी, एवढंच ना?’ प्रश्न साधा आहे, पण आपण एवढ्यावरच थांबलो तर पुढचं बरंचसं संगीत आपल्याला ऐकूच येणार नाही. म्हणून आज एकच गाणं घेऊ. फ्रान्झ शूबर्टच्या ‘विंटररायझं’ या 24 गाण्यांच्या मालिकेतलं पहिलं गाणं, ‘गूटं नाख्ट’, म्हणजे ‘शुभ रात्री’. काव्य विल्हेल्म म्युलरचं. शूबर्टने ही मालिका 1827 मध्ये रचली आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या 31 व्या वर्षी, तो गेला.

गाण्याकडे वळण्याआधी पेटी समोर घेऊ. पांढरी एक हा सा धरून फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या की सी मेजर मिळतो, म्हणजे आपला बिलावल थाट. आता त्याच पांढऱ्या पट्ट्या ठेवायच्या, पण सा न्यायचा पांढरी सहावर. मिळतो ए मायनर, आपल्या हिशेबाने आसावरी थाट. स्वर तेच, घर बदललं. आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात. हे मेजर-मायनरचं पहिलं नातं, इंग्रजीत ‘रिलेटिव्ह’.

दुसरं नातं याच्या उलट. सा हलवायचा नाही. पांढरी एकच ठेवायची आणि गंधार, धैवत, निषाद कोमल करायचे. सी मेजरचा सी मायनर झाला. घर तेच, स्वर बदलले. हे ‘पॅरलल’. गंमत अशी की जर्मन लोक ‘पॅरलल’ हा शब्द पहिल्या नात्यासाठी वापरतात. त्यामुळे नावं विसरलात तरी चालेल. ‘स्वर तेच, घर वेगळं’ आणि ‘घर तेच, स्वर वेगळे’ एवढं मात्र पक्कं धरा.

आता गाणं. मुळात ते डी मायनरमध्ये आहे. खालच्या पट्टीत गाणारे ते उतरवून घेतात, पण आपण मूळ पट्टीच धरू, म्हणजे सा पांढरी दोन. हिवाळ्याची रात्र आहे. प्रेमभंग झालेला एक तरुण गाव सोडून निघालाय. पियानोची चाल एकसारखी, पावलांसारखी, कुठे न थांबणारी. गायकाची ओळ कोमल गंधारावरून, म्हणजे एफवरून, खाली उतरत येते.

पहिल्या कडव्याच्या मध्यावर त्याला आठवतं की मुलगी प्रेमाचं बोलली होती, तिची आई तर लग्नाचंही बोलली होती. आणि इथे संगीत डी मायनरमधून एफ मेजरमध्ये जातं. हे पहिलं नातं, रिलेटिव्ह. शूबर्ट ते कसं करतो बघा. डी मायनरमध्ये घराकडे ओढणारा स्वर असतो सी शार्प, आपला शुद्ध निषाद. तो निघून जातो, साधा सी येतो, आणि सीवरचा कॉर्ड आपल्याला एफकडे ओढून नेतो. बाकीचं सामान जवळजवळ तेच. मग बी फ्लॅट मेजरला स्पर्श करून गाणं पुन्हा डी मायनरच्या थंडीत येतं. म्हणजे ते सुख वेगळ्या स्वरांनी बनलेलं नाहीच. आजच्या दुःखाचेच स्वर, फक्त दुसऱ्या घरी बसून ऐकलेले.

इथे आपल्या कानांची एक अडचण मान्य केली पाहिजे. आपला कान तानपुऱ्यावर वाढलेला. सा एकदा लागला की मैफल संपेपर्यंत तो हलत नाही. त्यामुळे गाणं एफवर गेलं तरी आपल्याला तो कोमल गंधारच वाटत राहतो. ‘इथे उजळलं’ असं पाश्चात्त्य श्रोत्याला वाटतं आणि आपण म्हणतो, ‘कुठे काय झालं?’ हा दोष शूबर्टचा नाही, आपलाही नाही. पण त्या जागी मनातला तानपुरा क्षणभर बंद करायला शिकलं पाहिजे.

दुसरं नातं मात्र आपल्या कानाला लगेच कळतं, कारण तिथे सा हलतच नाही. चौथं कडवं येतं. ती झोपलेली आहे, तिचं स्वप्न मोडू नये म्हणून तो हळूच दार ओढून घेतो आणि जाता जाता फाटकावर ‘शुभ रात्री’ लिहून ठेवतो. नेमकं इथे गाणं डी मेजर होतं. गायकाची ओळ ओळखीचीच, पावलं तीच, सा तोच. पण ती सुरुवातीची पांढरी चार आता काळी तीन झाली, कोमल गंधार शुद्ध झाला. अर्ध्या स्वराचा फरक.

आणि आनंद वाटतो का? आमच्या मते हीच गाण्यातली सगळ्यात दुखरी जागा आहे. काही जण इथे सांत्वन ऐकतात, तो आता शांत झाला असं म्हणतात. आम्हाला ते पटत नाही, आणि कारण गाण्यातच आहे. ‘मी तुझीच आठवण काढली’ अशा अर्थाची शेवटची ओळ पुन्हा येते तेव्हा शूबर्ट ती मायनरमध्ये आणतो. म्हणजे तो मेजर त्याचा नव्हताच, तो तिच्या झोपेचा होता. त्याने तो हलक्या हाताने धरला, मोडू दिला नाही, आणि फाटकाबाहेर पडताना तिथेच ठेवला.

तेव्हा त्या श्रोत्यांना आमचं उत्तर असं: मेजर आनंदी की दुःखी हे सुटं विचारून कळत नाही. तो कुठल्या मायनरमधून आला, कोणत्या नात्याने आला, आणि पुढे टिकला की नाही, हे विचारावं लागतं. याच गाण्यात दोन मेजर आहेत. एक आठवणीचा, दुसऱ्या घरातला. दुसरा निरोपाचा, स्वतःच्याच घरातला. दोन्ही उजळ, पण एकाच जातीचे नाहीत.

पुढच्या वेळेपर्यंत हे गाणं दोनदा ऐका. पहिल्यांदा पेटीवर सा धरून, दुसऱ्यांदा न धरता. फरक कुठे जाणवतो ते लिहून आणा, तिथूनच पुढे बोलू.