जनाबाईचे जाते आणि ज्ञानाचा अधिकार

संतवाङ्मयाच्या सामाजिक फलिताचा वाद मराठी समीक्षेत जुना आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उत्कर्षावरील ग्रंथात संतांना लोकजागृतीचे श्रेय दिले. राजवाड्यांनी त्याच संतांवर निवृत्तिपरतेचा ठपका ठेवला. पुढे गं. बा. सरदार यांनी ‘संतवाङ्मयाची सामाजिक फलश्रुती’ (१९५०) या ग्रंथात दोन्ही टोके टाळून, संतांची समता आध्यात्मिक क्षेत्रात खरी, परंतु व्यवहाराच्या क्षेत्रात अपुरी, अशा आशयाचा निर्णय दिला. जातिनिर्मूलनावरील प्रबंधाच्या संदर्भात गांधीजींना दिलेल्या उत्तरात डॉ. आंबेडकरांनी याहून कठोर भाषेत हेच म्हटले होते: माणसे ईश्वराच्या दृष्टीने समान आहेत असे सांगणे निराळे, आणि माणसे समान आहेत असे सांगणे निराळे. हा भेद मूलगामी आहे व तो सहजासहजी ओलांडता येणार नाही.

तथापि हा वाद प्रायः ज्ञानेश्वर, एकनाथ, तुकाराम व चोखामेळा यांच्या आधारे चालला. जनाबाईचे नाव त्यात येते ते वात्सल्याचे किंवा भोळ्या भक्तीचे उदाहरण म्हणून. आणि तेवढ्यावर तिची बोळवण होते. वस्तुतः ‘आध्यात्मिक’ आणि ‘व्यावहारिक’ ही फाळणी जिच्या रचनेत टिकत नाही अशी कवयित्री म्हणून तिचाच विचार प्रथम व्हावयास हवा होता.

जनाबाई गंगाखेडची. गोदातीरावरील हे गाव आज परभणी जिल्ह्यात आहे. नामदेवाच्या घराण्याचे मूळ स्थान म्हणून सांगितले जाणारे नरसी-बामणी हेही, १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत, परभणी जिल्ह्यातच मोडत असे. परंपरेनुसार शूद्र कुळात जन्मलेल्या या मुलीला तिच्या बापाने पंढरपुरास दामाशेटी शिंप्याच्या घरी आणून सोडले व तेथे ती जन्मभर दासी म्हणून राहिली. तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग सांगितले जातात. ते जपले गेले नामदेवाच्या गाथ्याच्या आश्रयाने. हयातीत जे स्थान तिला त्या घरात होते तेच ग्रंथातही मिळाले असे म्हणावयास हरकत नाही.

तिच्या आगेमागेच्या काळात मराठीत ज्ञानाच्या अधिकाराचा प्रश्न ऐरणीवर आला होता. केशोबासाने संस्कृतात विचारणा केली असता नागदेवाचार्यांनी, आपल्याला श्रीचक्रधरांनी मराठीतच निरूपिले, संस्कृताचा अवलंब केल्यास आपल्या म्हाताऱ्या बायाबापड्या वंचित होतील, अशा आशयाचे उत्तर दिल्याचा प्रसंग ‘स्मृतिस्थळा’त आहे. ज्ञानेश्वरीनेही (शके १२१२) वेद तीन वर्णांच्याच कानी लागतो म्हणून त्याला कृपण ठरविले आणि गीतेचे द्वार सर्वांस मोकळे केले. पुढे मात्र विपरीत घडले. ज्या पंथाने म्हातारीसाठी मराठी पत्करली त्याच पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केले, आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी राजवाड्यांनी त्या लिपीची उकल करीपर्यंत ते बाहेरच्या अभ्यासकाला वाचता येत नव्हते. संतांवर रुष्ट असलेल्या संशोधकाच्याच हातून हे कुलूप निघावे, हा वाङ्मयेतिहासातला एक गमतीचा योग होय.

या दोन्ही प्रसंगांत मिळालेला अधिकार श्रवणाचा आहे. म्हातारीने ऐकावे, शूद्राने ऐकावे; सांगणारा मात्र व्युत्पन्नच. जनाबाई येथे वेगळी पडते. ती ऐकणारी नाही, सांगणारी आहे, आणि सांगते ती कोणाचे भाष्य नव्हे. तिचे प्रमाण म्हणजे दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणे, गोवऱ्या थापणे. हे सर्व रूपक म्हणून वाचण्याची टीकाकारांची सवय आहे. जाते म्हणजे संसार, दळण म्हणजे कर्मक्षय, अशी समीकरणे मांडली की अर्थ लागल्याचे समाधान मिळते. अशी रूपके तिच्या नावावरील काही अभंगांत आहेतही. परंतु ज्या अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळू लागतो तेथे ही किल्ली चालत नाही. तेथे जाते हे जातेच आहे.

जात्याची रीत येथे ध्यानात घेतली पाहिजे. मोठे दळण सहसा दोघी मिळून करीत. समोरासमोर बसून एकाच खुंट्याला दोघींचे हात, एक ओढते तेव्हा दुसरी लोटते, आणि मधून एकीने मोकळ्या हाताने घास घालावयाचा. ओवी उपजते ती या जोडीच्या लयीत. एकीने धरलेली ओवी दुसरीने उचलावयाची. एकटीने दळणे शक्य असले तरी ते जड काम. आता जनाबाईच्या अभंगांतील देव कोठे बसतो ते पाहावे. तो गाभाऱ्यातून आशीर्वाद देत नाही, की पीठ आपोआप पडेल असा चमत्कारही करीत नाही. तो खुंट्याची दुसरी बाजू धरतो. ती जागा वस्तुतः शेजारणीची, जावेची, नणंदेची. जनाबाई विठ्ठलाला आईच्या, सखीच्या नात्याने हाक मारते त्याची संगतीही या जागेवरून लागते.

ती जागा देवाने भरली, याचा अर्थ ती रिकामी होती. नामदेवाच्या घरी माणसांचा तोटा नव्हता. त्या घरात अभंगरचना सर्वांनाच अवगत होती असे परंपरा सांगते. पण दासीच्या समोर दळावयास कोणी बसल्याचे ही परंपरा सांगत नाही. म्हणून हा प्रसंग जितका कृपेचा तितकाच तो एका उणिवेची साक्ष आहे, आणि येथे डॉ. आंबेडकरांचा आक्षेप पूर्ण बळाने उभा राहतो: देव समोर बसला, घर बसले नाही. तरीही ही समता ‘केवळ आध्यात्मिक’ म्हणून बाजूस सारता येत नाही. कारण तिच्यातले अध्यात्म कष्टाच्या पलीकडे कोठे जातच नाही. पीठ पडते, ते चाळावे लागते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दळावयास बसावे लागते. सरदारांच्या निर्णयात एवढी दुरुस्ती करावी लागेल की येथे दोन क्षेत्रे नाहीत. क्षेत्र एकच आहे व त्यात एका बाजूचे माणूस आलेले नाही.

महीपतीने ‘भक्तविजया’त (शके १६८४) सांगितलेली पदकाची कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. देव जनीच्या घरी आपले पदक विसरतो, आळ दासीवर येतो आणि तिला सुळाकडे नेतात. सुळाचे पाणी होऊन ती वाचते. महीपतीचे लक्ष सुळाच्या पाण्याकडे आहे. आजच्या वाचकाचे लक्ष त्याआधीच्या क्षणाकडे जावे: वस्तू हरवताच चौकशी कोणापासून सुरू झाली?

गोवऱ्यांची आख्यायिका याहून सूचक आहे. जनीचे व दुसऱ्या एका बाईचे गोवऱ्यांवरून भांडण चालले असता कबीर तेथे येतो. गोवरी कानाशी धरल्यावर जिच्यातून विठ्ठलनाम ऐकू येईल ती जनीची, असा निवाडा होतो. कबीर जनाबाईनंतर शतकाच्या अंतराने झालेला, तेव्हा कथेला ऐतिहासिक आधार नाही हे उघड आहे. पण कष्टाची मालकी कशी सिद्ध करावयाची, हा तिच्यातील प्रश्न खरा आहे. कागद नाही, साक्षीदार नाही. वस्तूच्या आत उमटलेले नाव हाच पुरावा. अभंगाच्या शेवटी येणारी जनीची मुद्रा याच जातीची आहे. तोंडी फिरणाऱ्या रचनेला दुसरे कोणते खरेदीखत असणार? मात्र ती मुद्रा ‘नामयाची दासी’ म्हणून उमटते. स्वतःच्या शब्दावर हक्क सांगतानाच दुसऱ्याचा हक्क मान्य करते. शिवाय ही मुद्रा कोणालाही वापरता येते. जनीच्या नावावरील योगपर व अद्वैतपर अभंग प्रक्षिप्त मानण्याकडे जो कल दिसतो त्याची कारणे भाषेची असतील तर ती तपासावीत. पण दासीला हे कोठून कळणार, असा त्यामागील विचार असेल तर तो पाठचिकित्सेचा नव्हे, वेदाच्या जुन्या कृपणतेचाच नवा अवतार होय.

जनाबाईचा दुसरा गाथा कोणी छापला नाही. तो जात्यावर राहिला. गी पॉइटव्हँ व हेमा राईरकर यांनी पुण्याहून चालविलेल्या संकलनात महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतील एक लाखावर ओव्या जमल्या. परभणी जिल्ह्यातील ताडकळस येथील गायिकेचा आवाजही त्यात आहे. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ने हा संग्रह आवाजासह कोणालाही विनामूल्य पाहता-ऐकता येईल असा मांडावयास घेतला. जनी आणि विठ्ठल या ओव्यांत वारंवार येतात, आणि ते दळताना येतात. पूर्वीच्या पुष्कळ संग्रहांत ओवी छापली गेली व गाणारी ‘लोक’ या शब्दात विरून गेली. या संग्रहाने प्रत्येक ओवीशी गायिकेचे नाव आणि गाव बांधले. मुद्रा परत दिली, असे त्याचे वर्णन करता येईल. आणि या खेपेस ती कोणाची दासी म्हणून नव्हे.

ही नोंद झाली ती पिठाच्या गिरणीने जाते उठविल्यानंतर किंवा उठता उठता. जात्याबद्दल हळहळ व्यक्त करणाऱ्यांनी ते पहाटे स्वतः ओढलेले नसते. गाणाऱ्या बायांना गिरणी हवीच होती. पण गाथ्यातील जनी आणि ओवीतील जनी यांचा तौलनिक पाठ अजून सिद्ध व्हावयाचा आहे. गंगाखेड, नरसी आणि पंढरपूर या पट्ट्यातील ओव्या गावावार लावून, कोणता प्रसंग छापील अभंगातून जात्याकडे गेला व कोणता जात्यावरून अभंगात आला, याची छाननी मराठवाड्यातील अभ्यासकांना सहज हाती घेता येण्यासारखी आहे. पंढरपूरजवळ गोपाळपुरास जनाबाईचे म्हणून एक जाते दाखविले जाते. त्याचा खुंटा एकच आहे. तो दोघींसाठी असे, हे त्या परिसरातील वृद्ध स्त्रियांना विचारल्यावाचून कळत नाही.